पुलावरची धोंडीबाई

१

दुपारची भाकर झाली का मी आन माझी नात रविना रोज कातळावर चढतो. पोशेऱ्यात आमच्या पाड्याला रेंज नाय. रेंज बसते ती कातळावर, मोहाच्या झाडाखाली, तीपन एकाच अंगाला. झाडाच्या पल्याड गेलं का बंद. त्यामुळं पाड्यातली सगळी प्रेमं त्याच झाडाखाली चालतात, आन मी तिथं नागली पाखडायचं निमित्त करून सगळ्यांचं आयकते. मला कमी आयकू येतं असं मीच पसरवलंय. लय फायदा व्हतो.

माझं नाव धोंडीबाई. शाळेत तिसरीपातुर गेले, मंग मास्तरच पळाला. कामधंदा म्हनाल तर दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, आन लगनसराईत धवलेरी. आमच्यात लगीन भटजी लावत नाय, बाई लावते. तांदूळ हातात घेऊन गाते, देव बोलावते, घरच्या मेलेल्यांना नावानं हाक मारते, आन दोघांना एक करते. ती धवलेरी. मोखाड्यापासून जव्हारपातुर मी इतकी लग्नं लावलीत का नवरा-बायको भांडले तं पयली शिवी मला पडते.

नातू उमेश, म्हनजे रविनाचा मोठा भाऊ, जर्मनीला हाय. तिथल्या कसल्याशा म्युझियमच्या भिंतीवर आपली चित्रं काढायला नेलाय. तांदळाच्या पिठाची, आपन कुडाच्या भिंतीवर काढतो तीच. मी इचारलं, "आरं, त्यांच्याकडं सारवायला शेन मिळतं का?" तं म्हनतो, "नाय आजी, भिंतीला तपकिरी रंग देतात." रंग! शेनाचं सोंग.

तिथंच त्याला दिपिका भेटली. आपल्या वांगणीची पोरगी, नर्स. तिकडच्या म्हाताऱ्या मानसांच्या घरात कामाला हाय. त्यांना आंघोळ घालते, भरवते, पांघरून घालते. डोंगरापलीकडची पोरगी, आन भेटायला इमानानं जर्मनीला जावं लागलं.

उमेशला तिला इचारायचं व्हतं, लगीन करशील का. तेपन तिला अजिबात कळू न देता, नदीच्या पुलावर, एका गुडघ्यावर बसून, अंगठी पुढं करून. आन झाडामागं लपून कोनीतरी फोटो काढनार. आयकून मी इतकी हसले का सुपातली नागली सांडली.

"इचारायचं काय त्यात? आपल्यात पोरं झाली, हातात काय जमलं, का मंग लगीन लावतात. माझ्या लग्नात तुझा बाप माझ्या कडेवर बसून भात खात व्हता!"

उमेश हसला नाय. "आजी, तिला नव्या वर्षात दुसरीकडं नोकरी लागलीय, कॅनडाला. अजून हो नाय म्हनाली त्यांना. माझं काम संपलं का मी घरी येनार. उद्या ती मला हो म्हनाली तं माघात लगीन, आपल्याच दारात, तूच लावायचं. नाय म्हनाली तं..."

पुढं तो बोलला नाय. रेंज व्हती, तरी बोलला नाय.

२

आमच्या घराची एक रीत हाय. पोरगी मागायला निघायचं तं आदी घरच्या मेलेल्यांना आवतान द्यायचं. नाव गायचं, तांदळाचा दाना टाकायचा. ते पुढं चालतात, आपन मागं. उमेश म्हनाला, "आजी, तू गाऊन पाठव. पुलावर जाताना मी कानात लावीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहाखाली बसले. पदरात मूठभर तांदूळ. ऊन असं का कातळावर भाकर भाजावी. खाली खळ्यावर कोनीतरी वरई झोडत व्हतं, धप, धप. रविनानं मोबाइल माझ्या तोंडाम्होरं धरला आन बटन दाबून ठेवलं.

मी गायले. देवजी या, म्हनजे माझा नवरा. रामी सासू, तुमीपन या. पंढरी दीर, तुमीपन या. नातू निघालाय मागायला, वाट दावायला या. एकेका नावाला एकेक दाना.

आता रविनाचं तोंड बगा. डोळे मिटून, हात जोडून, जशी काय तीच चाललीय नवरी बनून. मला असं गंभीर तोंड सोसत नाय. कोनाच्या मयतीला पन मी एखाद्याला हसवून येते. तं त्याच चालीत, तेवढाच लांब सूर लावून मी गायले, "धोंडीबाई, तूपन ये गं, लुगडं झाडून ये." आन दाना टाकला.

रविनानं दचकून बटन सोडलं. गानं गेलं.

"आजी! तू तुझंच नाव घातलंस!"

"मंग काय झालं? सगळे चाललेत, मी एकलीच मागं राहू?"

"आगं, ते मेलेल्यांचं आवतान हाय. पुसते मी. परत गा."

ती पुसायला गेली तंवर तिकडं आयकलंपन गेलं व्हतं. आयकल्याची निळी खून आली. ती हाताला लागलेलं काय झटकावं तसा मोबाइल झटकत बसली, आन मी हसत बसले.

हसता हसता माझ्या ध्यानात आलं का माझे पाय गार पडलेत. तापल्या कातळावर पाय टेकलेले, आन तळव्यांना असं वाटतंय का मी आगोटीच्या, पयल्या पावसाच्या, पान्यात उभी हाय. म्हटलं, बीपीची गोळी घेतली नाय सकाळी. मोखाड्याचे डाक्टर म्हनालेच व्हते, गोळी चुकवली का काय पन व्हतं. "काय पन" मधी हेपन आलंच.

३

फोटो काढनारा उमेशच्या कामावरचा एक गोरा. त्याचं नाव असं हाय का घेताना समोरच्यावर थुंकी उडते, म्हनून मी त्याला लाडक्या म्हनते. तोपन आता "लाडक्या" म्हटलं का मान डोलावतो. लाडक्या फोटो काढून लगेच आमच्या मोबाइलवर सोडनार असं ठरलं व्हतं. तिकडं सकाळ, इकडं उन्हं कलायला लागलेली.

पयला फोटो आला. नुसता पूल. कोनी आलं नव्हतं अजून, लाडक्यानं आपलं जागा बगायला काढलेला. लोखंडी पूल, दोन्ही अंगाला कठडा, आन सगळीकडं बरफ. मी म्हटलं, "आगं, हे तं सगळीकडं तांदळाचं पीठ सांडलंय. उमेशला भिंत कशाला पायजे?"

रविना हसली आन फोटो बोटांनी मोठा करत करत थांबली.

पुलाच्या पार त्या टोकाला कोनीतरी उभं व्हतं. बारीक, बोटाच्या नखाएवढं. हिरवं काय तरी नेसलेलं. गुडघ्याखाली उघडं.

"असेल तिथली कोनी," रविना म्हनाली.

"बरफात उघड्या पायांनी?"

"तिकडच्या बाया घालतात आखूड कपडे. आंगाला चिकटून मोजे असतात, कातडीच्याच रंगाचे."

पटलं मला. न पटायला काय झालं? मी थुंकी लावून मोबाइलची काच पुसली. बाई पुसली गेली नाय. म्हटलं, ऱ्हाऊ दे बिचारी.

४

दुसऱ्या फोटोत उमेश आला व्हता. पुलाच्या मधी उभा, कोट घातलेला, जसा काय बँकेचा मॅनेजर. एक हात खिशात. अंगठी चाचपत असनार. मला लय माया आली. ल्हान व्हता तवा चिंचा चोरून असाच खिशात हात घालून उभा ऱ्हायचा.

बाई आता टोकाला नव्हती. उमेशच्या मागं, चार मानसं मावतील एवढ्या अंतरावर व्हती. आपल्याकडं पाठ करून. लुगडं आपल्यासारखं, कास्टा घातलेलं, पदराची गाठ खांद्यावर. अंबाड्यात काडी खोवलेली.

"आता ही काय मोजे घातलेली बाई नाय," मी म्हटलं.

रविनानं फोटो मोठा केला. बाईची पाठ सगळ्या काचेवर आली. मंग ती मला म्हनाली, "आजी, जरा वळ."

"कशाला?"

"वळ तं खरी."

मी वळले. तिनं माझ्या पाठीवर, कमरेच्या वर, बोट ठेवलं. लुगड्याच्या भोकातून बोट माझ्या कातडीला लागलं.

"हे भोक कधी पडलं?"

"कुठलं भोक? मला माझी पाठ कशी दिसनार? बिडीची ठिनगी पडली असेल कोनाची."

तिनं मोबाइल माझ्याम्होरं धरला. फोटोतल्या हिरव्या पाठीवर, कमरेच्या वर, काळं भोक व्हतं.

मला एकदम हसूच फुटलं. म्हटलं, आरं चोरा! ह्या उमेशला खोड्या कोनी शिकवल्या? मीच. सासूच्या तपकिरीत मिरची घालायची कशी ते त्याला पाचव्या वर्षी माहीत व्हतं. त्यानंच माझा फोटो घेऊन मोबाइलमधी चिटकवला. आजकाल तसं करता येतं. पोरं वाघावर बसलेले फोटो टाकतात, खरं वाटतं.

"तुझा पाठमोरा फोटो त्याच्याकडं कुठनं आला?" रविना म्हनाली.

"ते मला काय ठावं? लाडक्याला इचार."

तिनं लिहिलं विंग्रजीत, ही बाई कोन म्हनून. लाडक्याचा जबाब लगोलग आला. रविनानं वाचला आन परत वाचला.

"काय म्हनतोय?"

"म्हनतोय, तुमी आदी सांगायचं ना आजीलापन आनलंय ते. छान दिसतायत. मी त्यांना घेऊनच फोटो काढतो."

खाली खळ्यावरचं झोडनं थांबलं व्हतं. मी पाय पदराखाली घेतले. ते आता नुसते गार नव्हते, दुखत व्हते.

५

मंग भराभर फोटो आले.

दिपिका आली. लाल मफलर, नाक त्याहून लाल. उमेशला बगून हसतेय. गोड पोरगी! गालाला खळी. मी रविनाला म्हटलं, "हिला मी चार पोरांचा आशीर्वाद देनार." रविनाचं लक्ष नव्हतं.

उमेश गुडघ्यावर. अंगठी पुढं. तोंड वर केलेलं, उघडं, म्हनजे इचारतोय. ह्याच फोटोसाठी सगळा खटाटोप. आन दिपिका त्याच्याकडं बगतच नाय. त्याच्या डोक्यावरनं मागं बगतेय.

पुढचा फोटो. दिपिका उमेशला ओलांडून पुढं गेलीय. उमेश तसाच बरफात गुडघ्यावर, हातात अंगठी, समोर कोनी नाय.

"गेलं," रविना म्हनाली आन रडायला लागली. "दादाचं गेलं सगळं. ती नाय म्हनतेय. आजी, तुझ्या त्या खोडीपायी..."

"गप. पुढचा बग."

पुढच्या फोटोत दिपिकानं गळ्यातला मफलर काढला व्हता आन ती त्या बाईच्या गळ्याभोवती गुंडाळत व्हती. कळलं मला. नर्स ना ती! म्हातारं मानूस बरफात अनवानी दिसल्यावर अंगठीकडं कोन बगनार? मला तिचं इतकं कौतुक वाटलं. आन तेवढ्यात माझ्या मानेला ऊब लागली. मऊ, लोकरीची, साबनाचा वास असलेली. मी हात लावून बगितलं. मानेवर माझा घाम सोडून काय नव्हतं.

शेवटच्या फोटोत बाईचं तोंड दिपिकाच्या कानापाशी व्हतं. काय तरी सांगत व्हती. दिपिकाचं हसू गेलं व्हतं. उमेश मागं, वळून बगनारा, अजून गुडघ्यावर. त्या पोराचं तोंड मला बगवेना.

मंग फोटो यायचे बंद.

बोलावलं तं पाठवायचंपन असतं. नाव घ्यायचं, दाना मागं टाकायचा, आन "जा" म्हनायचं. मी उठले. पदरातले उरलेले तांदूळ मुठीत घेतले. देवजी, जा. रामी सासू, जा. पंढरी, जा. दाने खांद्यावरनं मागं टाकले. मंग एकच नाव उरलं.

रविनानं माझा हात धरला. डोळे पुसायचे सोडून धरला. "आजी, तुझ्या नावापुढं 'जा' नको म्हनू."

"आगं पन ती हटल्याशिवाय पोरगी बोलनार कशी?"

"मला ठावं नाय. पन 'जा' नको म्हनू. तू कुठं जाशील?"

खरं सांगते, मीपन भ्याले. जलमात पयल्यांदा. "जा" म्हटलं आन तिच्या आदी माझेच पाय चालायला लागले तं? नाय म्हटलं तं नातू बरफात बसलेला. दाना हाताला चिकटलाय, सुटत नाय.

मंग मला माझीच अक्कल सुचली. पाठवायचं कशाला? जिला भूक लागते तिला घरीच बोलवावं. मी दाना म्होरं टाकला आन वराडले, "धोंडे! ये घरी! पोरांची मजा नको नासवू. बोंबलाची चटनी केलीय, गरम भाकर देते!"

धोंडीबाईला बोंबलाच्या चटनीला नाय म्हनता येत नाय. हे माझ्याइतकं कोनाला ठावं?

माझे पाय ऊबदार झाले. एकदम. चुलीम्होरं बसल्यावर व्हतात तसे.

६

मोबाइल वाजला. फोटो नाय, फोनच, तोंड दिसनारा.

उमेश! डोळ्यांतून पानी, तोंडातून वाफ. "आजी! हो म्हनाली! हो म्हनाली गं!"

रविना कातळावर अशी नाचली का तिची चप्पल दरीत गेली. मी खाली तोंड करून हाळी दिली, "माघात लगीन हाय रंऽऽ!" खळ्यावरनं कोनीतरी वराडलं, "कोनाचं? तुजं का?" मी म्हटलं, "माजं झालंय, तुज्या बापाला इचार किती भात खाल्ला!" सगळा पाडा हसला. कोनीतरी नाचायला तारपा काढून फुंकलासुदा. दिवसाउजेडी तारपा! मेल्यांना निमित्तच पायजे.

दिपिका मोबाइलमधी आली. गळा उघडा, मफलर नाय. मला बगून तिनं डोळे बारीक केले.

"अय्या, आजी! तुम्ही इतक्यात घरी पोचलातपण?"

रविनाचं नाचनं थांबलं.

मी म्हटलं, "उतार व्हता पोरी, लवकर आले."

ती हसली. पन नीट नाय. पुढं वाकून, माझं तोंड जवळून बगून म्हनाली, "आजी, मघाशी तर तुमचे दात होते. सगळे. पांढरेशुभ्र."

मी तोंड मिटलं. माझा शेवटचा दात गेल्या होळीला पडला.

"मी काय सांगितलं गं तुझ्या कानात?" मी इचारलं. मनात म्हटलं, आपलंच बोलनं, आपल्याला कळायला पायजे.

दिपिकानं मान हलवली. "तुम्हीच म्हणालात ना, आजीला सांगू नकोस म्हणून?" आन लाजली. लाजली म्हनजे वाईट काय नसेल सांगितलेलं. मी तेच धरून ठेवलंय.

उमेशला वळून बगितलं तरी दिपिकाबिगर कोनी दिसलं नव्हतं. त्याला वाटलं, दिपिका रडायला लागली म्हनून तिकडं गेली. मी त्याचं वाटनं मोडलं नाय. आनंदाच्या मानसाला कशाला शाना करायचा?

७

त्या दिवशी घरी उतरलो तं चुलीवरचा तवा तापलेला व्हता. म्हटलं, सकाळी इस्तू इझवला नसेल. टोपल्यातली एक भाकर कमी व्हती. म्हटलं, कुत्रं. बोंबलाची चटनी चाटूनपुसून साफ व्हती. कुत्र्याला मिरची सोसत नाय, पन कुत्र्याकुत्र्यात फरक असतो.

आता माघ लागलाय. मांडवाची मेढ पुरली. मी कुडाची भिंत सारवली, तिच्यावर सवाशिनी पिठानं लग्नाचा चौक लिहिनार. सारवता सारवता लग्नाचं गानं घोकते, कारन लय दिवसांत गायले नाय. आतल्या खोलीत, कुडाच्या पलीकडं, माझ्याबरोबर कोनीतरी गातं. हळू. मी थांबले का तीपन थांबते, पन लगेच नाय. ओळ पुरी करते, मंग थांबते. मला ते आवडतं. अर्धी ओळ टाकू नये.

परवा एका जागी मी अडले. पुढचे शब्द काय केल्या आठवेनात. हात शेनात, तोंड उघडं. आतनं ते शब्द आले, सूर लावून, माझ्या तरन्यापनीच्या आवाजात. मी म्हटलं, "बरं झालं गं बाय." आतनं कोनीतरी हसलं. असं हसू फकस्त तोंडभर दात असले तरच येतं.

रविनानं आयकलं. दारातच उभी व्हती, पान्याचा हंडा डोक्यावर. "आजी, तू तं हितं हायस. मंग आत कोन गातंय?"

"मीच," मी म्हटलं. आन ह्या डावाला खोटं नव्हते बोलत.

तिनं हंडा उतरवला, पन आत गेली नाय. मीपन गेले नाय कधी. पडदा हलतो तवा मी दुसरीकडं बगते. एकदाच, उन्हाची तिरीप आत पडली तवा, कोपऱ्यात काय तरी लाल दिसलं, लोकरीसारखं. मी सारवायला लागले.

उमेश आन दिपिका उद्या येतायत. अख्ख्या वांगणीत जीपा ठरल्यात. पाडा नुसता उधानलाय. पोरी हळद कांडतायत, पोरं पोरींकडं बगत मांडव शाकारतायत आन पालापाचोळा माझ्या अंगावर पाडतायत. मी सगळ्यांना शिव्या देते. इतकी खुशी मला माझ्या लग्नातपन नव्हती.

एकली रविनाच गप हाय. काल माझ्या शेजारी येऊन बसली, तांदूळ निवडायला.

"आजी, मांडवात परत आवतान गायचं ना? देवजी आजोबा, रामी, पंढरी..."

"गायचंच."

"तुझं नाव नाय घेनार ना तू?"

मी तांदळातला खडा काढून फेकला. आत गानं चाललं व्हतं, एकदम सुरात. माझ्यापेक्षा चांगलं. रविना माझ्या तोंडाकडं बगत व्हती, आन मला पयल्यांदाच कळेना का ती माझ्याकडं बगतेय का माझ्यातून पलीकडं.

"घेनार ना," मी म्हटलं. "आगं, नातवाचं लगीन हाय. आवतानाबिगर मी मांडवात येऊ कशी?"